चौथीच्या मुलींना हे आत्ताच सांगायची गरज होती का? (शाळेतलं सेशन)

पिंपळपान

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. जरा लांबेल.

लेक चौथीत आहे, नऊ पूर्ण होऊन चार महिने झाले. शाळा नाशिकमधली, खाजगी, इंग्लिश मीडियम, नाव मुद्दाम घेत नाही. गेल्या गुरुवारी डायरीत एवढंच लिहून आलं की उद्या मुलींसाठी वैयक्तिक स्वच्छतेवर कार्यक्रम आहे, पूर्ण युनिफॉर्ममध्ये पाठवा. मला वाटलं दात घासा, हात धुवा, तेच असेल. मी रात्री बसून तिची नखं कापून दिली. खरंच.

शुक्रवारी रात्री सगळे जेवायला बसलेलो, सासूबाई, सासरे, नवरा, आणि नेमका त्याच दिवशी दीर आलेला. वरणभात कालवता कालवता बाईसाहेब विचारतात, "आई, कंडोम म्हणजे काय गं?" सासऱ्यांना ठसका लागला. दिराने मोबाइल काढून त्यात तोंड घातलं ते शेवटपर्यंत वर काढलं नाही. सासूबाई "जेवताना बोलू नये" एवढंच म्हणाल्या पण माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच शिकवून आणलंय.

झोपताना हळूहळू बोलतं केलं. दप्तरातून एक पुडकं निघालं, दोन पॅड, गर्भाशयाचं चित्र असलेलं घडीचं पत्रक आणि पुढच्या खरेदीवर दहा रुपये सूट असं कूपन. एक मॅडम लॅपटॉप घेऊन आलेल्या, पाळी कशी येते ते दाखवलं, मग बाळ कसं होतं ते, मग मोठ्या ताईंनी चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या आणि मॅडमनी त्या माइकवर वाचून उत्तरं दिली. तो शब्द त्यातल्या एका चिठ्ठीत होता. "सगळ्या ताया हसल्या म्हणून मी पण हसले, मला कळलंच नव्हतं," असं म्हणाली, ते फार लागलं मला. मग विचारते, "मला पण रक्त येणार का? उद्या येईल का?" दोन रात्री माझ्याजवळ झोपतेय आणि बाथरूमला जाताना दार उघडं ठेवते.

क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रणधुमाळी. एक बाबा म्हणतात पोलिसात जाऊ, एक आई म्हणते जगात कुठे आहात, मध्येच कोणीतरी सुविचार टाकतं.

मी काही सोवळी नाहीये हो. मला पाळी आली तेव्हा सातवीत होते, आईने काही सांगितलं नव्हतं, "कावळा शिवला" म्हणून बाजूला बसवलं आणि मी गच्चीकडे बघत बसले की कधी शिवला, कळलं कसं नाही. म्हणूनच ठरवलं होतं की लेकीला आपण सांगायचं, पाचवीच्या आधीच्या सुट्टीत, निवांत. ते राहूनच गेलं. चौथी हे लवकर आहे की मलाच उशीर झाला? आणि शनिवारी पालकसभा आहे, तिथे नक्की काय विचारू?

कोकणी_मिरी

नखं कापून दिली वाचून चहा सांडला ताई, सॉरी. पण लेकीने तुम्हाला विचारलं, मोबाइलला नाही विचारलं, हे बघा की. आणि तुम्ही उत्तर काय दिलंत ते लिहिलंच नाहीत!

पिंपळपान

"मोठ्यांची एक वस्तू आहे, औषधाच्या दुकानात मिळते, जेवण झाल्यावर सांगते," असं म्हटलं. जेवण झाल्यावर भांडी घासली.

खडूफळा

पिंपळपान, मी सातारा जिल्ह्यात अनुदानित शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवते, पाचवी ते दहावी. तुमच्या दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आहेत माझ्याकडे.

आधी एक सांगते. पाचवीतली एक पोर, ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. मधल्या सुट्टीनंतर बाकावरून उठेचना. फळ्यावर बोलावलं, नाही. शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तरी ही दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलेली. मला वाटलं रुसली असेल कुणावर. जवळ गेले तर पांढरी फटक, म्हणते, "बाई, मला आतून कायतरी फुटलंय, मी आजीसारखी मरणार का?" तिची आजी दोन महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेलेली. वय दहा. माझा रेनकोट तिच्या कमरेला बांधला आणि आम्ही दोघी भिजत तिच्या घरी गेलो. तिची आई मलाच म्हणाली, एवढ्यात कसं काय आलं, आम्ही काही बोललोच नव्हतो. तेव्हापासून मी पाचवीच्या पहिल्या महिन्यात मुलींना सांगतेच, आणि आता वाटतं चौथीच्या शेवटीच सांगावं. नवव्या दहाव्या वर्षी सुरू होणाऱ्या मुली थोड्या असतात पण असतात, आणि ज्या असतात त्यांची अशी गत होते.

पण हे झालं पाळीचं. बाळ कसं होतं, गर्भनिरोधक, बॉयफ्रेंड, हे सगळं त्याच तासात चौथीच्या पोरींसमोर माइकवर वाचायचं याला काही अर्थ नाही. सीबीएसईवाल्यांच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात किशोरावस्थेचा धडा आधी आठवीत होता, नव्या पुस्तकात तो सातवीत आलाय. म्हणजे पुस्तक करणाऱ्यांनीही बारा वर्षांच्या आसपासचं मूल डोळ्यासमोर धरलंय. आपल्या स्टेट बोर्डाला दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा धडा आहे, पाळीचं चक्र, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी सगळं आहे, आणि अजूनही कितीतरी शिक्षक "हा घरी वाचून या" म्हणतात. मी पण पहिली दोन वर्षं तेच केलंय, खोटं कशाला बोलू. २००७ साली किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये अर्ध्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. चित्रं अश्लील आहेत म्हणून ओरड होती. आमच्याकडचं विज्ञानाचं कपाटच बंद करून टाकलं होतं हेडमास्तरांनी, त्यात बेडकाची आकृती पण होती.

सभेत माझ्या मते हे विचारा की क्लास टीचर हॉलमध्ये होत्या का. बाहेरची मॅडम तासाभरात निघून जाते, पोरी दुसऱ्या दिवशी टीचरलाच विचारणार. आणि दुसरं, एखाद्या मुलीने चिठ्ठीत लिहिलं असतं की अमका काका मला असं असं करतो, तर माइकवर वाचून दाखवणार होतात का? पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे असं कळलं की कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर शाळेच्या प्रमुखालाही शिक्षा आहे. चिठ्ठ्यांचा डबा ठेवणाऱ्याला हे माहीत पाहिजे.

गोदाकाठ

मी त्या पोलिसात जाऊ म्हणणाऱ्या बाबांच्या बाजूने थोडं बोलतो, सगळे त्यांना हसतील म्हणून. पोलिसात जायचं काही नाही हे बरोबर, पण माणूस का भडकला ते समजून घ्या. माझ्या मुलाला शाळेने धरणावर अर्ध्या दिवसाच्या पिकनिकला नेलं तर दोन पानी फॉर्म, सही, ब्लड ग्रुप, आधारची झेरॉक्स. आणि इथे नऊ वर्षांच्या मुलीला बाळ कसं होतं ते सांगायचं तर डायरीत एक ओळ, ती पण "वैयक्तिक स्वच्छता" अशी झाकून. लपवायचं कशाला? शाळेला स्वतःलाच लाज वाटत होती ना शब्द लिहायची? मग आम्हाला जुनाट का म्हणता.

आणि ते कूपन. दहा रुपये सूट! ही जनजागृती नाही हो, हे गिऱ्हाईक लहानपणीच धरून ठेवायचं चाललंय. आमच्या भाचीच्या शाळेत टूथपेस्टवाले आले होते, तेच मॉडेल.

झाडावरची_कैरी

सगळे पाळीवर बोलतायत पण माझं म्हणणं वेगळं आहे. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत ज्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला त्या चौथीत नव्हत्या, बालवाडीत होत्या. तेव्हा लवकर म्हणजे किती लवकर हे आधी ठरवा. स्वतःच्या शरीराची नावं, कुणी हात लावला तर ओरडायचं, आईला सांगायचं, हे तर तीन-चार वर्षांपासूनच. आमच्याकडे अजून "शूची जागा" चालतं, चालू द्या, पण निदान काहीतरी शब्द असू दे मुलाकडे.

फक्त तेही नीट शिकवा. माझा मुलगा सीनियर केजीत असताना शाळेने गुड टच बॅड टच शिकवलं, एका व्हिडिओवर, दहा मिनिटांत. पुढच्या आठवड्यात लसीकरणाला गेलो तर डॉक्टरांनी दंड धरल्यावर हा केकाटला "बॅड टच! बॅड टच!" अख्खी ओपीडी बघत होती. आणि गंमत म्हणजे गुदगुल्या करणारा मामा त्याला गुड टच वाटायचा कारण हसू येतं. एनसीआरबीचे, म्हणजे सरकारी गुन्हे नोंदीचे, आकडे दरवर्षी हेच सांगतात की बहुतेक वेळा माणूस ओळखीतला असतो. म्हणजे अनोळखी काकाची भीती घालून भागत नाही. आता आम्ही घरी साधं ठेवलंय, तू नको म्हटलंस की समोरच्याने थांबायचं, मग तो मामा असो नाहीतर आजोबा. मामा चिडलाय, पण थांबतो.

रविवारची_मिसळ

एक साधा प्रश्न. मुलगे कुठे होते?

पिंपळपान

ग्राउंडवर. पीटीच्या सरांबरोबर फुटबॉल. आणि मुली पुडकी घेऊन परत आल्यावर "तुम्हाला काय दिलं, आम्हाला का नाही" म्हणून खेचाखेची. एकाने पॅड कपाळाला चिकटवून क्रिकेटमधली जखमी खेळाडूसारखी पट्टी केली म्हणे. लेक सांगताना हसत होती, पण मैत्रीण रडली होती, तिचं पुडकं होतं ते.

रविवारची_मिसळ

झालं मग. बदलापूरच्या सुनावणीत हायकोर्टाने हेच म्हटलं होतं ना, मुलग्यांना लहानपणापासून शिकवा म्हणून. आपण त्यांना फुटबॉल देतो.

जुनीपानं

या चर्चेत र. धों. कर्व्यांचं नाव कसं आलं नाही अजून? १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत माणूस लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिला, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. आणि आपण नव्वद वर्षांनी

कोकणी_मिरी

जुनीपानं काका, कर्वे प्रौढांसाठी लिहायचे. इथे पोर नऊ वर्षांचं आहे. आणि तुमचा मेसेज अर्धाच आला.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय, रेडिंगला असतो, मुलगा प्रायमरीत शेवटच्या वर्षाला. इकडे हा विषय सप्टेंबर २०२० पासून शाळांना सक्तीचा आहे, पण त्याचे तुकडे पाडलेत. प्रायमरीत नातेसंबंध म्हणजे मैत्री, कुटुंब, कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं, हे सगळ्यांना कम्पल्सरी. वयात येणं हे आरोग्याच्या भागात, ते पण कम्पल्सरी. त्यापलीकडचं लैंगिक शिक्षण प्रायमरीत शाळेच्या मर्जीवर, आणि त्यातून मूल काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे. सायन्सच्या तासातून मात्र काढता येत नाही.

म्हणून इकडे सगळं गोडीगुलाबीत चालतं असं समजू नका, २०१९ मध्ये बर्मिंगहॅमला प्राथमिक शाळांच्या दारात महिनोन्‌महिने निदर्शनं झाली, शेवटी कोर्टाला मनाईहुकूम काढावा लागला. पालक ते पालकच.

आमच्याकडे पत्र आलं की अमुक आठवड्यात हे शिकवणार, त्याआधी एका संध्याकाळी येऊन स्लाइड्स बघून जा. बायकोचं म्हणणं काढून घेऊ त्या तासातून. मी म्हटलं आधी बघून तर येऊ. साठ मुलांचे पालक, आलो सात जण, त्यात आम्ही दोघं. एक स्लाइड बघून बायकोने हात वर करून विचारलं की हे चित्र एवढं डिटेल कशाला, आणि टीचरने चक्क लिहून घेतलं, बदललं की नाही माहीत नाही पण लिहून घेतलं. शेवटी मुलाला बसू दिलं, कारण हिच्याच लक्षात आलं की हा एकटा लायब्ररीत बसणार आणि मधल्या सुट्टीत बाकीचे एकोणतीस त्याला तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा टीचरच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तर ताई, सभेत एवढंच मागा की आधी आम्हाला दाखवा. शिकवू नका म्हणालात तर पुढच्या वेळी डायरीत ती एक ओळ पण येणार नाही.

आजी_ऑनलाइन

मी ७१ वर्षांची आहे. पिंपळपान, तुमच्या सासूबाईंना एकदा विचारून बघा त्यांना कोणी सांगितलं होतं ते. आम्ही बोलत नाही कारण आमच्याशी कोणी बोललं नाही. लेकीला म्हणावं घाबरू नको, एवढं काही नसतं. बाथरूमचं दार उघडं ठेवते ते वाचून वाईट वाटलं.

भाकरीचा_चंद्र

सगळं ठीक आहे पण शाळा काय शिकवते ते फक्त पुस्तकात आणि सेशनमध्येच बघायचं का? आमच्या शाळेत पाळी शब्द उच्चारला तर मॅनेजमेंट दचकतं, आणि तीच शाळा गॅदरिंगला दुसरीच्या पोरींना लिपस्टिक लावून, पोट उघडं टाकून आयटम साँगवर नाचवते, कंबर कशी हलवायची ते कोरिओग्राफर महिनाभर येऊन शिकवतो. त्याचे पैसे पालकांनीच भरायचे, ड्रेसचे वेगळे. आणि स्टेजसमोर मोबाइल वर धरून उभे कोण असतात? मीच होते पहिल्या रांगेत. त्या गाण्याच्या ओळीचा अर्थ माझ्या पोरीने विचारला असता तर मला पण भांडीच घासावी लागली असती. त्यावर कोणी कधी पालकसभेत बोललं नाही, मी पण नाही.

गोदाकाठ

कैरी, मिसळ, तुमचं पटलं. माझं भांडण विषयाशी नाहीच आहे, न सांगता केलं त्याच्याशी आहे. गॅदरिंगचं पण बरोबर आहे, आमच्याकडे पण तेच. पिंपळपान, सभा झाली की कळवा.

पिंपळपान

झाली सभा. उशीर झाला लिहायला, घरी पाहुणे होते.

क्लासमध्ये बेचाळीस मुलं, सभेला पालक अकरा. पोलिसवाले बाबा आले नाहीत, त्यांना मीटिंग होती. सुरुवातीला प्रिन्सिपल मॅडमचा सूर असा की आम्ही किती प्रोग्रेसिव्ह आहोत, पालकांनी मागे ओढू नये. मी घाबरतच उठले, टेम्सकाठी आणि खडूफळा यांचे मुद्दे मोबाइलवर लिहून नेले होते. म्हटलं, पाळीबद्दल सांगितलंत त्याबद्दल आभार, मी सांगायचं पुढे ढकलत होते. पण हे सेशन कितवीसाठी बनवलेलं होतं?

मॅडमनी को-ऑर्डिनेटरकडे बघितलं. को-ऑर्डिनेटरने दुसऱ्या मिसकडे. मग हळूच बाहेर आलं. कार्यक्रम सहावी ते आठवीसाठीच होता. चौथीच्या दोन मिस त्या दिवशी ट्रेनिंगला गेलेल्या, मुलग्यांना पीटीच्या सरांनी घेतलं, मुलींना कुठे बसवायचं हा प्रश्न आला, हॉल एकच, तर म्हणे मागच्या रांगेत बसवा, काय ऐकू जातंय त्यांना. आणि पुडकी मोजून दोनशे आली होती, उरलेली यांना वाटून टाकली.

म्हणजे चौथीच्या मुलींना हे सांगावं असं कोणी ठरवलंच नव्हतं! मी दहा दिवस झोप उडवून घेतली, ग्रुपवर संस्कृती विरुद्ध आधुनिकता चाललेलं, आणि मुळात पोरींना बसवायला जागा नव्हती. हसावं की रडावं कळेना. माझ्या शेजारचे एक आजोबा नातीसाठी आले होते, ते एवढंच म्हणाले, "बाई, सिनेमाच्या थेटरात तरी दारावर माणूस असतो तिकीट बघायला."

चिठ्ठ्यांचा प्रश्न पण विचारला, त्रासाची चिठ्ठी निघाली असती तर. तेव्हा मात्र प्रिन्सिपल मॅडम गप्प झाल्या आणि वहीत लिहून घेतलं. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते ती सखी सावित्री समिती आहे का विचारलं, २०२२ चा जीआर आहे ना त्याचा, तर कागदावर आहे म्हणे. आता त्या समितीत पालक म्हणून माझं नाव घातलंय, बोलली ती सापडली. पुढच्या वेळी आधी पत्र, मटेरियल ऑफिसमध्ये दोन दिवस बघायला, चौथी-पाचवीला वेगळा तास, कूपन बंद, इतकं कबूल केलंय. मुलग्यांचं मी काढलं तर "बघू" म्हणाल्या. गॅदरिंगचं काढायचा धीर झाला नाही.

आणि घरी. रविवारी दुपारी लेकीला घेऊन बसले, तेच पत्रक उघडून. आजी_ऑनलाइन, तुमच्यामुळे सासूबाईंना पण बोलावलं, नाही नाही म्हणत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि मी बोलायच्या आत त्याच सांगायला लागल्या, त्यांना शेतात असताना आली होती, विहिरीवर जाऊन परकर धुतला आणि वाळेपर्यंत उसात बसून राहिल्या. घरी आल्यावर आईने विचारलं कावळा शिवला का, एवढंच. लेक म्हणाली, "आजी, कावळा नसतो, युटरस असतं," आणि त्यांना चित्रावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

आता एकटी झोपते. बाथरूमचं दार लावते. पुडक्यातला एक पॅड दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय, लागला तर असू दे म्हणून, स्वतःच.

तो जेवतानाचा शब्द मात्र अजून बाकी आहे, तिनेही परत विचारलेला नाही. दीर मात्र तेव्हापासून जेवायला आलेला नाही.